काळा पडलेला आवळा आणि विहिरीचं पाणी



संक्रांतीनंतर धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, विहीर नितळ झाली बघा. पोरांनी ग्रामपंचायतीच्या तपासणी पेटीतून पाणी तपासलं, लोखंड मर्यादेत आहे. आता वस्तीवरच्या सहा घरांना पुन्हा प्यायला पाणी सोडतो." बातमी आनंदाचीच. तरी मी म्हटलं, "भाऊजी, मे महिन्यापर्यंत थांबा." ते जरा हिरमुसले. फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. आमची भाचे-पुतणे मंडळी हे वाचतातच, ती त्यांना वाचून दाखवतील.

मी मराठी घेऊन बी.ए. झाले. रसायनशास्त्र माझा प्रांत नव्हे. विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या की सातवीचा तास माझ्याकडे यायचा, एवढाच काय तो संबंध! पण याच विहिरीपायी मी हे वाचायला लागले, आणि त्याला कारण माझी स्वतःची चूक आहे.

पंचवीसेक वर्षांपूर्वी या विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं झालं. वरच्या अंगाला मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या एका प्रकल्पाचं सांडपाणी मातीच्या तळ्यांत साठवलेलं असायचं. (नाव लिहीत नाही, आज तो मुद्दा नाही.) जाऊबाईंनी मला विचारलं, "ताई, हे पाणी प्यावं का?" मी बाईंच्या थाटात सांगून मोकळी झाले, "तांबूस रंग लोखंडाचा गं. लोह अंगाला चांगलंच. तुरटी फिरव आणि टीसीएल टाक." दोन वर्षं ते घर माझ्या शब्दावर ते पाणी प्यालं. पुढे नळ आला म्हणून सुटलं. कुणाला काही झालं नाही, पण ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे.

माझं कुठे चुकलं? लोखंडी विळीवर आवळा चिरला की फोडी काळ्या पडतात. आवळ्यातला तुरट अंश लोखंडाला धरून ठेवतो, त्याचा तो रंग. लोहाच्या गोळीबरोबर चहा घेऊ नका असं डॉक्टर सांगतात, तेही याचसाठी. चहातला तुरटपणा लोहाला पकडतो आणि ते अंगी लागत नाही. आपल्या चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडला की शेतकरी हिराकस शेणखतात मुरवून देतात. नुसता हिराकस मातीत लगेच अडकून बसतो, शेणखताने धरलेलं लोह मात्र मुळांपर्यंत पोचतं. म्हणजे धातू आणि कुजलेला जीवांश यांची गाठ आपल्या घराला आणि शेताला जुनीच माहीत आहे.

तीच गाठ पाण्यातही बसते. पालापाचोळा कुजून ह्युमिक आणि फल्विक आम्लं होतात. त्यांच्यावर ऋण भाराच्या जागा असतात आणि धन भाराचे धातू तिथे चिकटतात. तांबं आणि शिसं घट्ट, जस्त आणि कॅडमियम त्यापेक्षा सैल, कॅल्शियम आणखी सैल. हा जीवांश मातीत बसून असला तर तो धातूंना रोखून धरतो, राखणदारासारखा. तोच पाण्यात विरघळला की धातूंना कडेवर घेऊन निघतो. पदार्थ एकच, पण मुक्काम बदलला की काम उलटं!

मळीच्या सांडपाण्यात तर हा प्रकार फारच. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण 8 ते 15 लिटर असं पाणी निघतं. त्याचा गडद रंग मेलॅनॉइडिन या द्रव्याचा असतो. भाजलेल्या पोळीचा तांबूस रंग त्याच कुळातला. तेही धातूंना धरतं. शिवाय जमिनीखालचे जिवाणू हे खाद्य खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात, आणि मग खडकातल्या लोखंड-मँगनीजच्या गंजावर श्वास भागवतात. आपला नगरचा (2024 पासून अहिल्यानगरचा) काळा पाषाण लोखंडाने भरलेला. तो गंज सुटतो आणि धातू पाण्यात उतरतो. म्हणजे धातू आपल्याच खडकातला, पण त्याला सोडवणारं खाद्य बाहेरून आलेलं. बंगाल आणि बांगलादेशातल्या नळकूपांत आर्सेनिक उतरलं, त्यामागेही जीवांश आणि जिवाणूंचा असाच खेळ आहे.

आता भाऊजींच्या पेटीबद्दल. पेटी वाईट नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच्या माझ्या डोळ्यांपेक्षा ती केव्हाही बरी. पण पेटीतला रंग मोकळ्या लोखंडाला ओळखतो, जीवांशाने आवळून धरलेलं लोखंड त्याला पुरतं दिसेलच असं नाही. प्रयोगशाळेत पाणी आम्लात उकळून ती गाठ आधी सोडवतात आणि मग मोजतात. दुसरं, विरघळलेल्या मँगनीजला आणि शिशाला रंग नसतो. पाणी नितळ दिसलं म्हणून ते त्यात नाहीत असं होत नाही. तिसरं, पावसाने विहीर भरली की सगळंच पातळ होतं. खरी परीक्षा विहीर तळाला गेल्यावर.

म्हणून माझं मत असं आहे, की जी विहीर एकदा रंगली, तिचं पाणी नुसत्या पेटीवर पास करू नये. मे महिन्यात दोन बाटल्या भराव्यात. धातूंच्या बाटलीत प्रयोगशाळेने दिलेलं आम्ल घालून, नाहीतर धातू बाटलीलाच चिकटून बसतो. अर्जावर लोखंडाबरोबर मँगनीज, शिसं आणि सेंद्रिय कार्बन असं स्पष्ट लिहावं. आणि रंग मारायला टीसीएल ओतू नये. जंतूंसाठी ते हवंच, पण जीवांशाशी क्लोरीनची गाठ पडली की ट्रायहॅलोमिथेनसारखी नवी नको ती द्रव्यं तयार होतात. खरा उपाय उगमापाशीच. सांडपाणी बाहेर सोडायचंच नाही असा दंडक आज अशा प्रकल्पांना आहे. तो पाळला जातो की नाही, हे गावाने विचारत राहावं.

भाऊजींचंही खोटं नाही. नळाला एक दिवसाआड पाणी, सुनांच्या कमरेवर हंडे, आणि दारात भरलेली विहीर. "थांबा" म्हणणं मला इथे शहरात बसून सोपं आहे. पण "प्या" म्हणणं त्याहून सोपं होतं, आणि ते मी एकदा म्हणून बसले आहे.

काल पुन्हा फोन आला. दोन बाटल्यांसाठी पुतण्या प्रयोगशाळेत विचारून आला. तोवर विहिरीचं पाणी धुण्याला आणि गुरांच्या गोठ्याला. जाऊबाईंनी फोन घेतला नि हसत म्हणाल्या, "ताई, या खेपेला तुम्ही सांगू नका हं, कागद काय म्हणतो ते बघू." मीही हसले. बरोबरच आहे त्यांचं.