पंचवीस वर्षांची चाकरी आणि सन्मानाचे दार

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. तेथील सिॲटल शहराच्या ईशान्येस, समामिश नदीच्या काठी, बॉथेल हे गाव वसले आहे. पाहुण्यांचे स्वागत हे गाव एका छोट्याशा वाक्याने करते. त्याचा अर्थ असा की, एका दिवसासाठी या, नाही तर जन्मभरासाठी या. जवळच रेडमंड येथे मायक्रोसॉफ्ट कंपनीचे मुख्यालय आहे. त्यामुळे गेल्या काही दशकांत महाराष्ट्रातून गेलेली पुष्कळ मराठी कुटुंबे त्या परिसरात स्थिरावली आहेत. आपले पूर्वज बोटीने या बेटावर उसाच्या मळ्यांत राबायला आले. ही मंडळी विमानाने संगणकाच्या कामासाठी तिकडे गेली. परक्या मुलुखात मुले वाढू लागली की तेथील खेळही घरात शिरतो. त्या भागातला असा एक मोठा खेळ म्हणजे बेसबॉल.

आपल्याकडे फुटबॉल आणि शर्यतीचे घोडे यांच्यापुढे बेसबॉलला कोण विचारतो, असे वाचक म्हणतील, आणि ते खरेच आहे. तरीही त्या परिसराच्या एका लाडक्या खेळाडूचा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. बॉथेलच्या स्वागतवाक्यातले दोन शब्द, एक दिवस आणि जन्मभर, हाच त्या प्रश्नाचा गाभा आहे. मान कोणाला द्यावा? एका दिवसात डोळे दिपविणाऱ्याला की जन्मभर राबणाऱ्याला?

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. क्रिकेटच्या गोलंदाजासारखेच त्याचे काम. फरक इतकाच की चेंडू जमिनीवर टप्पा न घेता थेट फलंदाजाकडे जातो. संघ जिंकला की तो विजय एका पिचरच्या नावावर मांडला जातो. जेमी मोयर हा असाच एक डावखुरा पिचर. जन्म १९६२ चा, पेन्सिल्व्हेनिया राज्यातला. १९८६ साली शिकागो कब्ज या संघातून त्याने पहिला सामना खेळला आणि २०१२ साली शेवटचा. मधली जी वर्षे दुखापतीत किंवा खालच्या दर्जाच्या संघात गेली ती वजा केली, तरी वरिष्ठ स्पर्धेतले त्याचे पंचवीस हंगाम भरतात. इतके हंगाम खेळलेले पिचर हाताच्या बोटांवर मोजता येतील.

या माणसाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिसाव्या वाढदिवसापर्यंत त्याच्या नावावर विजय होते ३४ आणि पराभव ५४. तोवर तीन संघांनी त्याला नारळ दिला होता. शिकागोने तर खेळणे सोडून शिकविण्याची नोकरी पत्कर, असे सुचविले. १९९२ चा हंगाम त्याने खालच्या दर्जाच्या संघात काढला. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. मोयर मात्र टिकून राहिला आणि १९९६ साली सिॲटल मॅरिनर्स या संघात आला. त्याचा चेंडू ताशी १३० किलोमीटरच्या आसपास जाई. आजचे पिचर १५० च्या घरात फेकतात. वेग नाही म्हणून त्याने अचूकपणा कमावला, चेंडू कधी किंचित जलद तर कधी फारच मंद सोडायची कला साधली, आणि समोरच्या फलंदाजाच्या सवयींचा अभ्यास केला. २००१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याने २० सामने जिंकले. २००३ साली, चाळिशी ओलांडल्यावर, २१. २००८ साली फिलाडेल्फियाच्या संघाबरोबर त्याने वर्ल्ड सिरीजचे विजेतेपद मिळविले. २०१० च्या अखेरीस कोपराची मोठी शस्त्रक्रिया झाली, २०११ सबंध गेले, आणि १७ एप्रिल २०१२ रोजी, वय वर्षे ४९ आणि १५१ दिवस असताना, त्याने पुन्हा एक सामना जिंकला. इतक्या मोठ्या वयात वरिष्ठ स्पर्धेतला सामना कोणत्याही पिचरने त्यापूर्वी जिंकला नव्हता. एकूण विजय भरले २६९. त्यांतले २३५ तिशीनंतरचे आणि १०५ चाळिशीनंतरचे!

या खेळाचे सन्मानमंदिर, ज्याला तेथे हॉल ऑफ फेम म्हणतात, न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाऊन या गावी आहे. त्याचे दार १९३९ साली उघडले. आत जाण्यासाठी जुन्या, अनुभवी क्रीडा पत्रकारांची मते लागतात. शंभरांतील पंचाहत्तर मते मिळाली तर प्रवेश. पाचांपेक्षा कमी मिळाली तर त्या यादीतून नाव कायमचे बाद. २०१८ साली मोयरचे नाव यादीत आले. ४२२ जणांनी मतदान केले आणि मोयरला मते पडली १०. पंचवीस वर्षांच्या चाकरीचा निकाल एका फेरीत लागला. याउलट त्याच्या सिॲटल संघाने २०१५ सालीच त्याला आपल्या स्वतःच्या सन्मानितांच्या यादीत घेतले होते. ज्यांनी त्याला अकरा हंगाम जवळून पाहिले त्यांचा निकाल एक, देशाचा निकाल दुसरा.

आम्ही विरोधी बाजूही मांडतो, कारण एकांगी वकिली करणे आम्हांस आवडत नाही. मोयरने दर नऊ इनिंगमागे सरासरी ४.२५ धावा दिल्या, आणि हा आकडा कूपर्सटाऊनच्या मानाने जास्तच आहे. त्याच्या चेंडूंवर ५२२ होमरन मारले गेले. इतके दुसऱ्या कोणत्याही पिचरला पडलेले नाहीत. सर्वोत्तम पिचरचे साय यंग पारितोषिक त्याला एकदाही मिळाले नाही. टीकाकार म्हणतात, हा एक बरा खेळाडू होता, तो फार दिवस खेळला, एवढेच. सन्मानमंदिर थोरांसाठी आहे, चिवटांसाठी नव्हे.

या म्हणण्यात तथ्य आहे, पण एक गफलतही आहे. फार दिवस खेळणे ही गोष्ट आपोआप घडते, असे त्यात गृहीत धरले आहे. व्यावसायिक खेळात कोणी कोणाला दया म्हणून मैदानावर उभे करीत नाही. दर वर्षी विशीतली, ताज्या दमाची शेकडो मुले तीच जागा मागत असतात. त्या गर्दीत पंचवीस हंगाम आपली जागा राखायची म्हणजे पंचवीस वेळा नव्याने परीक्षा द्यायची. होमरनचा तो लाजिरवाणा विक्रमसुद्धा नीट पाहिला तर काय सांगतो? इतके मार खाऊनही ज्याच्या हाती संघांनी पुन्हा पुन्हा चेंडू दिला, असा माणूस दुर्मिळ आहे. टिकणे हाही एक गुण आहे, आणि गुणांच्या मोजमापात त्याला स्थान असलेच पाहिजे.

मराठी वाचकाला येथे पद्माकर शिवलकर यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तेही डावखुरे, तेही मंदगती, आणि तेही वर्षानुवर्षे टिकलेले. १९६१-६२ पासून १९८७-८८ पर्यंत पसरलेल्या कारकिर्दीत त्यांनी प्रथम श्रेणीच्या १२४ सामन्यांत ५८९ बळी घेतले, तेही वीसपेक्षा कमी धावांच्या सरासरीने. १९७२-७३ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मद्रासला त्यांनी तामिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी बाद केले. तामिळनाडूचे डाव ८० आणि ६१ धावांत आटोपले. असे असूनही भारतातर्फे एकही कसोटी सामना त्यांच्या वाट्याला आला नाही, कारण त्याच काळात, त्याच पद्धतीचे गोलंदाज बिशनसिंग बेदी संघात होते. हरियाणाचे राजिंदर गोयल यांचेही तसेच झाले. सुनील गावसकरांनी १९८३ साली आपल्या आदर्श खेळाडूंवर पुस्तक लिहिले, त्यात या दोघांना आवर्जून जागा दिली. क्रिकेट मंडळाचा कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मात्र दोघांना २०१७ साली मिळाला. शिवलकर तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. ३ मार्च २०२५ रोजी ते वारले. सन्मान उशिरा का होईना, त्यांच्या डोळ्यांदेखत झाला, हे समाधान. पण इतका उशीर का व्हावा?

अमेरिकेतही हेच घडते. जिम काट या पिचरने पंचवीस हंगामांत २८३ सामने जिंकले. पत्रकारांनी त्याला निवडले नाही. जुन्या खेळाडूंचा विचार करणाऱ्या समितीने २०२१ च्या डिसेंबरात निवडले, तेव्हा त्याचे वय ८३ होते. टॉमी जॉनने सव्वीस हंगामांत २८८ विजय मिळविले, तरी तो अजून दाराबाहेरच आहे. काटला जे दार उघडले, तशाच समितीचे दार मोयरलाही मोकळे आहे. समितीने त्याचे नाव विचारात घ्यावे, आणि त्याच्या ऐंशीची वाट न पाहता घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आकड्यांच्या जोरावर तो पहिल्या रांगेत बसणार नाही, हे आम्ही मान्य करतो. पण ज्या मंदिरात खेळाचा इतिहास जपायचा, त्यात तीनदा हाकलला गेलेला माणूस पन्नाशीच्या उंबरठ्यावर सामना जिंकतो, ही गोष्ट नसेल, तर तो इतिहास अपुरा राहील.

आणखी एक बाब. मोयर पतिपत्नींनी २००० साली एक संस्था काढली. आईवडील किंवा भावंड गमावलेल्या मुलांना दुःखातून सावरायला मदत करणारी 'कॅम्प एरिन' नावाची शिबिरे तिने सुरू केली. २००३ साली लोकसेवेसाठी दिला जाणारा रॉबर्टो क्लेमेंटे पुरस्कार मोयरला मिळाला. हे काम धावांच्या कोष्टकात बसत नाही, पण माणसाचे मोल ठरविताना ते विसरून कसे चालेल?

आता वाचकहो, दुसऱ्यांच्या मंदिराची चर्चा पुरे. आपल्या घराकडे पाहू. आपल्या बेटावर मराठी भाषा आणि चालीरीती पावणेदोनशे वर्षांवर टिकल्या, त्या कोणामुळे? एका समारंभात भाषण करून टाळ्या घेणाऱ्यांमुळे नव्हे. दर आठवड्याला भजनात मृदंग घेऊन बसणारा काका, झाकरीची पदे तोंडपाठ असलेली आजी, दिवसभर मळ्यात राबून संध्याकाळी मुलांना बाराखडी गिरवायला लावणारे गुरुजी, गणपतीच्या दिवसांत पहाटेपासून स्वयंपाकघरात उभी असणारी मावशी, यांनी ती टिकविली. यांच्यापैकी कोणाला व्यासपीठावर खुर्ची मिळते? बहुधा त्या खुर्च्या मांडायलाच त्यांना बोलावले जाते. मग एक दिवस माणूस जातो, आणि शोकसभेत आपण एकमेकांना विचारतो, किती वर्षे करीत होते हो हे काम? नक्की आकडा कोणालाच ठाऊक नसतो.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गावच्या मंडळाने एक वही घालावी. कोण, कोणते काम, कोणत्या सालापासून करीत आहे, हे तीत लिहावे. पंचवीस वर्षे भरली की त्या व्यक्तीला गावासमोर बोलावून शाल-श्रीफळ द्यावे, आणि तिच्या तोंडून तिच्या कामाची हकिकत ऐकून तीही वहीत उतरवून घ्यावी. याला मोठा खर्च नाही, मंत्रिमहोदयांची वाट पाहायला नको. येत्या गणेशोत्सवाच्या आत ही वही सुरू करता येईल. ज्यांची नावे तीत आधी यायला हवीत ती माणसे वयाने थकली आहेत, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये, एवढीच विनंती.