जुना स्ट्रोब मोडीत काढण्याआधी

परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेडकडच्या स्टुडिओचालकांशी बोलताना एक प्रश्न हमखास निघतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेला स्ट्रोब अजून चोख पेटतो, पण सॉफ्टबॉक्स फाटला आणि त्या माउंटचा दुसरा मिळत नाही. मग लाइट काढून टाकावा का? आमचे उत्तर ठाम आहे: काढू नका. ट्यूब पेटते आहे आणि कपॅसिटर चार्ज धरतो आहे तोवर यंत्र धडधाकट आहे. अडले आहे ते फक्त तोंडाशी.

आधी ते तोंड नीट पाहा. कडेला रिंग फिरवून अडकवायच्या तीन खाचा असतील तर बहुधा तो बोवेन्सचा एस-माउंट आहे, आणि मग चिंताच मिटली. बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७ साली बंद पडली, पण तिचा माउंट गोडॉक्ससह अनेकांनी उचलला. आज सर्वांत स्वस्त आणि सहज मिळणारे सॉफ्टबॉक्स त्याच मापाचे असतात. एलिन्क्रोमची खाच वेगळी आहे; तिच्या छत्रीची दांडीही ७ मिलिमीटरची, इतरांची साधारण ८ची, म्हणून बाजारातली छत्री तिथे शिरत नाही. प्रोफोटोत खाचच नाही, रिंग गळ्यावर सरकवून आवळायची. या तिन्हींसाठी तयार अडॅप्टर मिळतात.

खरी पंचाईत होते ती ज्यांचे नावही पुसले गेले आहे अशा लाइटांची. इथे व्हर्नियर कॅलिपरने बाहेरचा व आतला व्यास मोजा, खाचांची जागा कागदावर छापून घ्या आणि लेथवाल्याकडे जा. ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यातून अशी रिंग कापणे पंपाचे सुटे भाग घडवणाऱ्या कारागिराला अवघड नाही. मात्र लाइट त्याच्या हातात देऊ नका, माप द्या. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्टचा चार्ज राहतो आणि तो जीव घेऊ शकतो. फ्लॅश पेटवणारा झटका तर हजारो व्होल्टचा असतो, म्हणून रिंगचा कोणताही धातू ट्यूबजवळ जाता कामा नये. ज्यांच्या स्टुडिओत तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगच नाही, त्यांनी रिंग करण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

अडॅप्टरचे दोन तोटे मात्र सांगितले पाहिजेत. एक, ट्यूब सॉफ्टबॉक्सच्या तोंडापासून मागे सरकते. उजेड मधोमध साचतो, कडा अंधारतात, म्हणून आतला दुसरा पडदा काढून ठेवू नका. दुसरा, वजन. जुन्या लाइटचे पुढचे प्लॅस्टिक उन्हाळ्यागणिक ठिसूळ होत आलेले असते. त्यावर मोठा ऑक्टाबॉक्स लटकवला तर एक दिवस तो खाली येतो, तोही बहुधा समोर बसलेल्या माणसावर.

म्हणूनच आमचा कल वेगळ्या वाटेकडे आहे: मॉडिफायर लाइटला जोडूच नका. पीव्हीसी पाइपची दोन मीटर उंच चौकट करा, तिच्यावर पांढरे सुती कापड ताणून बांधा, ती स्वतःच्या स्टँडवर उभी करा आणि लाइट साध्या रिफ्लेक्टरसह मीटरभर मागे ठेवा. सावलीची कड किती मऊ, हे ठरते ते उजळलेल्या कापडाचा आकार आणि चेहऱ्यापासूनचे त्याचे अंतर यांवरून. माउंटच्या नावाशी त्याचा संबंध नाही. परभणी निजामाच्या राज्यात होती तेव्हा सहाव्या निजामाचे छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. त्या काळच्या स्टुडिओंत उजेड येई तो काचेच्या छतातून, आणि छायाचित्रकार पडदे सरकवून तो हवा तसा वळवत. सूर्याला कुठला माउंट होता?

कापड निवडताना घाई नको. मानवत-सेलूच्या कापूसबाजाराच्या या जिल्ह्यात सुती कापड मिळणे कठीण नाही, पण कोरा मांजरपाट उजेडाला पिवळसर झाक देतो. उलट, शुभ्र दिसावे म्हणून चमकद्रव्य लावलेले कापड, ट्यूबवर अतिनील किरण रोखणारा लेप नसेल तर, निळसर झळकते. त्यातल्या त्यात साधे धुतलेले, चमक नसलेले पांढरे कापड घ्या, कापडामागूनच्या उजेडात ग्रे कार्ड धरून व्हाइट बॅलन्स ठरवा आणि तेच कापड दोन्ही लाइटांना वापरा. विणीनुसार एक-दोन स्टॉप उजेड खर्ची पडेल. ३०० ज्यूलच्या जुन्या लाइटलाही तो परवडतो. मॉडेलिंग लॅम्प १५० किंवा २५० वॉटचा हॅलोजन असेल तर कापड त्याला कधीही टेकू देऊ नका. सुती कापड पेट घेते.

उजेड सारखा पसरला की नाही, हे मीटरशिवायही कळते. आयएसओ सर्वांत कमी, ॲपर्चर सर्वांत लहान, लाइटची शक्ती किमान ठेवा आणि कापडाचाच समोरून फोटो काढा. मधला पांढरा डाग दिसला तर लाइट मागे न्या. लाइट वर्षभर पडून असेल तर आधी तासभर किमान शक्तीवर चालू ठेवा. कपॅसिटर हळूहळू पूर्ववत होतो. जुन्या लाइटची सिंक वायर थेट डिजिटल कॅमेऱ्याला लावू नका, रेडिओ ट्रिगर वापरा. काही जुन्या यंत्रांचे सिंक व्होल्टेज कॅमेरा जाळण्याइतके असते.

ज्यांच्याकडे नाव पुसलेला लाइट आहे, त्यांनी माउंटचा समोरून काढलेला फोटो, दोन्ही व्यास आणि खाचांची संख्या आमच्याकडे पाठवावी. आलेल्या मापांचा तक्ता आम्ही या मासिकात छापू.