'तुम्हीच राहा, अण्णा' ही निवड नव्हे

सातारा-सांगलीच्या अपार्टमेंटांतून एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : "सोसायटीत कसली निवडणूक घेताय? गट पडतील, जिन्यात माणसं तोंड फिरवतील. आहे तीच कमिटी राहू द्या." हेच गृहस्थ रेठऱ्याच्या कृष्णा सहकारी साखर कारखान्याची निवडणूक लागली की कोणत्या गटात कुणाचे पॅनेल जड, हे तोंडपाठ सांगतात. त्या कारखान्याचे सभासद कराडात आहेत तसे वाळव्यातही. तिथे भाऊबंदकी वाढते म्हणून मतदान नको, असे कुणी म्हणत नाही.

गट पडण्याची भीती खोटी नाही. पण निवडणूक टाळल्याने गट मिटत नाहीत. ते मेंटेनन्सच्या हिशेबावरच्या कुजबुजीत जगतात. शिवाय कायदा मतपेटीची सक्ती करत नाही. जागा तितकेच अर्ज आले तर निवड बिनविरोधच होते. मात्र त्याआधी मतदारयादी लागावी, अर्ज मागवावेत, छाननी व्हावी. चहा पिताना 'तुम्हीच राहा, अण्णा' म्हणून उठलो, तर ज्याला उभे राहायचे होते त्याला कुणी विचारलेलेच नसते.

खर्चाची सबबही लंगडी आहे. २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहसंस्थांसाठी १३-ब हे स्वतंत्र प्रकरण आले, आणि २५०च्या आत सभासद असलेल्या संस्थांना आपली निवडणूक आपणच घेण्याची सोय झाली. निवडणूक न लढवणारा एखादा निवृत्त मास्तर निवडणूक अधिकारी होऊ शकतो.

सर्वांत भावनिक मुद्दा : बिचारे फुकट राबतात, त्यांना नियम कशाला? राबतात हे खरे, त्याबद्दल आभारच. पण सिंकिंग फंड त्यांच्या सहीने हलतो, रंगकामाचा ठेका तेच देतात, आणि कायदा निर्णयांची जबाबदारी समितीवर सामूहिक आणि वैयक्तिक अशी दोन्ही अंगांनी टाकतो. रीतसर निवड आणि वेळेवर लेखापरीक्षण हे उद्या संशय आला तर प्रामाणिक चेअरमनचेच संरक्षण आहे.

कायद्यात अडगळ आहे, हे मान्य. आदर्श उपविधींनुसार शंभरपर्यंत सभासदांच्या संस्थेला अकरा जणांची समिती, त्यात पाच जागा राखीव. सोळा फ्लॅटच्या इमारतीत एवढी माणसे आणायची कुठून? हा आकडा सरकारने बदलायलाच हवा. पण त्यावर बोट ठेवून पाच वर्षांची मुदत धाब्यावर बसवता येत नाही. मुदत टळली तर निबंधक कलम ७७-अ खाली बाहेरचा अधिकारी नेमू शकतो. आपल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीचा निर्णय त्याच्या हाती गेलेला कुणाला आवडेल?

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते. यंदा तिथे दोनच प्रश्न विचारा : समितीची मुदत कधी संपते, आणि लेखापरीक्षण अहवाल कुठे आहे? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.