चक्का, पिकलेलं फळ आणि साखरेला सुट्टी

परीक्षा संपल्या की कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फ्रीझरभोवती मुलांचा घोळका जमतो. काचेखाली शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कपांवर चित्र जवळजवळ एकच असतं, आंब्याची फोड आणि मलई. बारीक अक्षरं वाचली तर कळतं की एकावर ‘आइस्क्रीम’ लिहिलंय आणि दुसऱ्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार साध्या आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधातला स्निग्धांश लागतो. फ्रोझन डेझर्टमध्ये त्याची जागा वनस्पती तेल घेऊ शकतं. जागरूक पालक हे वाचून पहिला कप उचलतात. चांगलंच करतात. पण साखर दोन्ही कपांत असते, आणि मुलांच्या बाबतीत खरी काळजी तिचीच आहे.

सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं, म्हणजे कोणत्या खाऊत किती साखर हे मुलांना दिसेल असे फलक. त्या परिपत्रकात म्हटलंय की ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या कॅलरींपैकी १३ टक्के साखरेतून येतात. हे प्रमाण ५ टक्के असायला हवं. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण साडेतेराशे कॅलरी लागतात असं धरलं, तर ५ टक्के म्हणजे जेमतेम १७ ग्रॅम साखर. चहाचे चार सपाट चमचे. दूध, बिस्किट, जॅम-पोळी एवढ्यातच ते संपतात. त्यावर दुपारची कुल्फी येते.

म्हणून घरोघरी दही आणि फळं गोठवून खाऊ करण्याची आवड वाढतेय, ही फार आनंदाची गोष्ट आहे. मात्र ‘पौष्टिक’ म्हणून फिरणाऱ्या बऱ्याच कृतींत साखरेऐवजी वाटीभर मध, गूळ किंवा कंडेन्स्ड मिल्क ओतलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मध, पाक आणि फळांचा रससुद्धा साखरेच्याच हिशेबात धरलाय. अख्ख्या फळातली साखर मात्र वगळलीय. मध घातल्याने खाऊ निर्मळ होत नाही. आणि एक वर्षाखालच्या बाळाला तर मध अजिबात देऊ नये, त्यातून बोट्युलिझमचा धोका असतो.

गोठवलेल्या पदार्थाला इतकी साखर का लागते, हे समजून घेतलं तर ती टाळायची वाटही सापडते. पहिलं कारण जिभेचं. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिलं की गोड चव मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या साखळीतली एक वाहिनी १५ अंश सेल्सिअसच्या आसपास मंद असते आणि ३५ अंशांकडे जाताना जोमाने काम करते. वितळलेलं आइस्क्रीम चाखून पाहिलं की हे लगेच पटतं. गार असताना बेताचं वाटणारं ते एकदम मिट्ट गोड लागतं. दुसरं कारण बर्फाचं. साखर विरघळलेलं पाणी शून्याखाली गेलं तरी पूर्ण गोठत नाही, म्हणून आइस्क्रीम चमच्याने उचलता येतं. साखर काढून घेतली की घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना नुसत्या दह्याचा दगड होतो.

मग पाणीच कमी करावं. त्यासाठी मराठी घराला नवं काही शिकायला नको, चक्का आहे. श्रीखंडासाठी टांगतात तोच. फरक इतकाच की श्रीखंडात चक्क्याच्या बरोबरीने साखर पडते, इथे ती पडणार नाही.

मलईच्या दुधाचं दही घ्यावं. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश असतो आणि गोठल्यावरही खाऊ मऊ राहतो तो त्याच्यामुळे. विरजण ताजं हवं. रात्री जेवणं आटोपली की दही धुतलेल्या सुती फडक्यात बांधावं, पुरचुंडी गाळणीत, गाळणी पातेल्यावर, आणि सगळं फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात ओट्यावर टांगून ठेवलं तर सकाळपर्यंत चक्का आंबतो, आणि आंबट चक्का साखर मागतोच. सकाळी फडकं उलगडलं की कडेचा चक्का घट्ट आणि मधला थोडा ओलसर असतो. तो हाताने एकजीव करून पुरणयंत्रातून काढावा. वाटीभर चक्क्याला वाटीभर आंब्याचा गर, चिमूटभर वेलची आणि अगदी कणभर मीठ. मिठाने गोडी उठून येते. चव घेताना मिश्रण हवं त्याहून थोडं जास्त गोड लागलं पाहिजे, कारण गोठल्यावर ती चव उतरणार आहे. कमी वाटलं तर साखरेच्या डब्याकडे हात न नेता आणखी गर घालावा.

हे मिश्रण कुल्फीच्या साच्यात भरण्यापेक्षा ताटलीत बटर पेपर घालून पाव इंचाचा पातळ थर द्यावा आणि वरून फळांचे बारीक तुकडे दाबावेत. तीन-चार तासांत तो पापुद्र्यासारखा सुटतो. तुकडे मोडून डब्यात भरले की झालं. पातळ असल्यामुळे मुलांच्या दातांना जड जात नाही आणि एका वेळी दोन तुकड्यांत भागतं. साच्यातली कुल्फीच हवी असेल तर खाण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढून ठेवावी.

फळ मात्र पुरतं पिकलेलं हवं. जुहूत १९८४ मध्ये ‘नॅचरल्स’ सुरू करणारे रघुनंदन कामत हे मंगळूरकडच्या एका फळविक्रेत्याचे पुत्र. दूध, फळ आणि साखर एवढ्यावर त्यांनी आइस्क्रीम उभं केलं. साखर तिथे आहेच, पण फळ पारखून घेण्याचा धडा घरच्या स्वयंपाकघरानेही उचलावा असा आहे. जळगावच्या केळ्यावर काळे ठिपके आले की बऱ्याच घरांत ते टाकून दिलं जातं. खरं तर तेव्हाच त्यातलं पिष्ट साखरेत बदललेलं असतं. अशा केळ्याच्या चकत्या गोठवून मिक्सरमध्ये फिरवल्या की काहीही न घालता मलईसारखा गोळा येतो. त्यात चार चमचे चक्का घातला की छान आंबटसर चव येते. घोलवडचा चिकू इतका गोड की त्याला केळ्याचीही गरज नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आंबट निघते, ती केळ्याबरोबर घ्यावी. सीताफळाची प्रत्येक बी काढलीच पाहिजे, मिक्सरमध्ये तर एकही जाता कामा नये. ती विषारी असते. कलिंगडात पाणीच फार, त्याच्या फोडी चक्क्यात न घालता तशाच गोठवाव्यात.

कच्चा अननस आणि किवी यांना दह्यापासून दूर ठेवावं. त्यांच्यातली विकरं दुधातली प्रथिनं तोडतात आणि मिश्रण कडू होतं. अननस पाच-सात मिनिटं शिजवला की विकर निकामी होतं, मग तो खुशाल घालावा.

नाशिकची काळी द्राक्षं गोठवून फार सुंदर लागतात. पण पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष कधीही देऊ नये, गोठलेलं तर मुळीच नाही. ते घशात नेमकं अडकतं. उभे चार तुकडे करूनच द्यावं, मूल बसलेलं असताना, आणि मोठं माणूस समोर असताना.

स्वच्छतेच्या बाबतीत एक गैरसमज घट्ट रुजलाय. थंडीने जंतू मरतात असं नाही, बहुतेक नुसते निपचित पडतात. दह्यातले उपयोगी जीवाणू तसेच तगतात, आणि न धुतलेल्या फळावरचे अपायकारकही. गार खाऊन सर्दी होते हे आजीचं म्हणणं मात्र विषाणूंच्या अंगाने पाहिलं तर टिकत नाही. सर्दी संसर्गाने होते. तरी आधीच खोकणाऱ्या मुलाला थंड देऊ नये हा तिचा आग्रह मोडायचंही कारण नाही.

चक्क्याखाली जमलेलं पाणी ओतून देऊ नये. दह्यातलं बरंचसं कॅल्शियम त्यात उतरलेलं असतं. त्याच पाण्यात थालीपिठाची भाजणी भिजवावी, पीठ हलकं होतं आणि चवही येते.

दुकानच्या गोडीला सरावलेलं मूल पहिल्या दिवशी तुकडा बाजूला सारेल. नवी चव अंगवळणी पडायला तीच गोष्ट आठ-दहा वेळा समोर यावी लागते, हे बालआहाराच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. सुरुवात पिकल्या हापूसने करावी, थर पसरायचं आणि फळं दाबायचं काम मुलांकडे द्यावं. जूनमध्ये आंबा ओसरला की पालघरजवळच्या बहाडोलीची जांभळं हाताशी असतात. त्यांच्या गराने चक्का गडद जांभळा होतो आणि मुलं रंगावरच भाळतात. तुरटपणा मारायला अर्धं केळं जास्त घालावं लागतं.