काय सोडावे याची परीक्षा

नोव्हेंबर महिन्याचा शेवटचा रविवार हा गेली काही वर्षे देशातील सुमारे तीन लाख तरुण-तरुणींच्या दृष्टीने कसोटीचा दिवस ठरत आला आहे. भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी आणि ‘कॅट’ या नावाने ओळखली जाणारी सामाईक परीक्षा त्या दिवशी तीन सत्रांत पार पडते. २०२४ साली तिला दोन लाख नव्वद हजारांहून अधिक उमेदवार बसले. पदवीधराला, किंवा पदवीच्या अखेरच्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्याला, पन्नास टक्के गुण असले की ही परीक्षा देता येते. अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग उमेदवारांसाठी ही मर्यादा पंचेचाळीस टक्क्यांची आहे. शाखेची अट नाही, वयाची अट नाही. कागदावर याहून मोकळा दरवाजा सापडणे कठीण. तरीसुद्धा आपल्या तालुक्याच्या गावातील एखाद्या महाविद्यालयात चौकशी करून पाहावी. या परीक्षेचे नाव पुष्कळांच्या कानावरही आलेले नसते आणि ज्यांच्या कानावर आलेले असते ते ‘आपले नव्हे ते काम, पुण्या-मुंबईच्या मुलांचे’ असे म्हणून विषय संपवितात. हा समज कितपत खरा आहे, याचा शिक्षकांनी आणि पालकांनी एकदा स्वस्थ चित्ताने विचार करावयास हवा.

या परीक्षेत असते तरी काय? एकूण वेळ दोन तास. विभाग तीन आणि प्रत्येकाला चाळीस मिनिटे. एका विभागात उरलेला वेळ दुसऱ्यात वापरण्याची मुभा नाही. पहिला विभाग इंग्रजी उताऱ्यांच्या आकलनाचा, दुसरा तक्ते-आलेख व तर्क यांवर आधारलेल्या कोड्यांचा आणि तिसरा गणिताचा. २०२४ साली हे सारे मिळून ६८ प्रश्न होते. गणित म्हणजे काय, तर शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण, काळ-काम-वेग, नफा-तोटा, सरळव्याज-चक्रवाढव्याज, बीजगणितातील समीकरणे, थोडी भूमिती, संख्यांचे गुणधर्म. दोन-चार प्रकरणे अकरावी-बारावीची सोडली, तर या यादीत दहावीच्या पलीकडले फारसे काही नाही. याचा अर्थ प्रश्न सोपे असतात असा मुळीच नव्हे. साध्याच साहित्यातून गाठ मारलेली असते आणि ती सोडविण्यास कस लागतो. पण साहित्य साधे आहे, ही गोष्ट विसरता कामा नये. ज्या शाळांतून एके काळी पावकी, निमकी, दिडकी म्हणवून घेतली जात होती आणि तोंडी हिशेबांचा तास हा एक स्वतंत्र तास असे, त्या शाळांच्या परंपरेला हे साहित्य परके नाही. दुसऱ्या विभागाचेही तसेच. आपल्याकडील शिष्यवृत्तीच्या परीक्षेत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा विषय कित्येक वर्षे आहे. गोल टेबलाभोवती बसलेल्या आठ जणांपैकी कोण कोणाच्या उजवीकडे, हा प्रश्न आपली मुले दहा-अकराव्या वर्षी सोडवितात. पुढे दहा वर्षे त्या सवयीकडे कोणी ढुंकून पाहत नाही, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा अडचण अभ्यासक्रमाची नाही. अडचण आहे ती परीक्षा देण्याच्या आपल्या संस्काराची. आपला विद्यार्थी लहानपणापासून एकच वाक्य ऐकत आलेला असतो : ‘सर्व प्रश्न सोडविणे आवश्यक आहे.’ येत नसले तरी काहीतरी लिहा, पुरवणी घ्या, तपासनीस दोन गुण देईलच. हा उपदेश आम्ही शिक्षकांच्या तोंडून ऐकला आहे आणि, खोटे कशाला बोला, आम्हीही तो दिलेला आहे. ‘कॅट’ या उपदेशाच्या नेमकी उलट आहे. बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि पर्यायी स्वरूपाच्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक गुण वजा होतो. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडणाऱ्याचा सरासरी हिशेब मांडून पाहा. चार वेळांत एकदा तीन गुण मिळतात आणि तीनदा एकेक जातो, हाती शून्य. मात्र चारांपैकी एक पर्याय निश्चित चूक आहे, इतके जरी समजले, तरी तीन वेळांत एकदा तीन मिळतात आणि दोनदा एकेक जातो. म्हणजे तीन प्रयत्नांमागे एक गुण शिल्लक राहतो. अर्धवट ज्ञानालाही येथे किंमत आहे, अज्ञानाला मात्र नाही. इतका स्वच्छ न्याय आपल्या विद्यापीठांच्या परीक्षांत क्वचितच आढळतो. जे प्रश्न पर्यायांविना असतात, त्यांना वजा गुण नसतात, म्हणून ते कोरे ठेवण्यात शहाणपण नाही, हीही गोष्ट पुष्कळ उमेदवारांना परीक्षागृहातून बाहेर पडल्यावर कळते.

चाळीस मिनिटांत बावीस प्रश्न म्हणजे प्रत्येकी दोन मिनिटेही नाहीत. सर्व प्रश्न सोडवावेत अशी परीक्षा घेणाऱ्यांचीच अपेक्षा नसते. अलीकडच्या वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी गुण मिळविणारे उमेदवारही शेकडा नव्याण्णव जणांच्या पुढे गेलेले आहेत. जे दहा-बारा प्रश्न आपले आहेत ते ओळखावयाचे आणि उरलेल्यांना नमस्कार करावयाचा, हेच येथील कौशल्य होय. आमच्या परिचयातील एका माध्यमिक शिक्षकांच्या कन्येने ही परीक्षा लागोपाठ दोन वर्षे दिली. पहिल्या वर्षी तिने पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली आणि तिसऱ्याच प्रश्नापाशी अकरा मिनिटे घालविली. कारण ‘हा मला यायलाच पाहिजे’ असे तिला वाटत होते. गणितात ती वर्गात पहिली येणारी होती. दुसऱ्या वर्षी तिने अभ्यास असा विशेष वाढविला नाही. घड्याळ लावून सराव-परीक्षा दिल्या आणि प्रत्येकीनंतर दोन-दोन दिवस, कोणता प्रश्न घ्यावयास नको होता, याची वही भरली. वडील म्हणाले, ‘अगं, चुकलेल्या प्रश्नांची वही आम्हीही ठेवीत होतो.’ त्यावर ती म्हणाली, ‘बाबा, ही चुकलेल्यांची नाही, घेतलेल्यांची आहे.’ आमच्या मते या परीक्षेच्या तयारीवर निघणाऱ्या जाडजूड ग्रंथांपेक्षा त्या वहीत अधिक सार होते.

आता इंग्रजीविषयी. मराठी माध्यमातील विद्यार्थी येथे अडखळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘कॅट’ केवळ इंग्रजीतून होते. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ आणि अभियांत्रिकीची ‘जेईई मेन’ मराठीसह तेरा भाषांतून देता येते. मग गणिताचा आणि तर्काचा विभाग तरी मराठीतून का नसावा, हा प्रश्न रास्त आहे आणि तो व्यवस्थापन संस्थांना विचारला गेला पाहिजे. परंतु केवळ या मागणीवर विसंबून राहणे आम्हास मान्य नाही. या संस्थांतील अध्यापन इंग्रजीतून चालते. प्रवेशद्वार मराठीचे आणि आतील दालन इंग्रजीचे, अशा व्यवस्थेत विद्यार्थ्याची फरफटच होईल. दुसरे असे की, हा विभाग व्याकरणाचा किंवा पाठ केलेल्या शब्दांच्या याद्यांचा राहिलेला नाही. अर्थशास्त्र, इतिहास, विज्ञान, तत्त्वज्ञान, कला यांपैकी कशावरही उतारा येतो आणि लेखकाला काय म्हणावयाचे आहे, तो काय गृहीत धरतो आहे, त्याच्या युक्तिवादाला कशाने बाध येईल, असे प्रश्न विचारले जातात. ही क्षमता वाचनाने येते आणि ती भाषेगणिक मुळापासून नव्याने कमवावी लागत नाही. मराठीत गंभीर वैचारिक लेख ओळीमागील अर्थ शोधीत वाचण्याची सवय ज्याला आहे, त्याला इंग्रजी उतारा शब्दांमुळे अडवील, विचारामुळे नव्हे. आणि शब्दांची अडचण वर्ष-दीड वर्षाच्या नित्य वाचनाने दूर होते. ज्याने कोणत्याच भाषेत काही वाचलेले नाही, त्याला इंग्रजी माध्यमाची शाळाही येथे तारीत नाही. मार्गदर्शक पुस्तिका आणि ‘अपेक्षित प्रश्नसंच’ यांवर पदवी मिळविणाऱ्या पिढीला हे कोणी सांगावयाचे?

हे न सांगणाऱ्यांचा एक भरभराटीस आलेला धंदा आहे. शिकवणीवर्गांचे शुल्क काही हजारांपासून सुरू होते आणि लाखाकडे झुकते. सगळेच वर्ग फसवे असतात असे आम्ही म्हणत नाही. वेळापत्रक, सोबत आणि चांगल्या सराव-परीक्षा यांचा उपयोग होतोच. परंतु निकालानंतर भिंतीभर झळकणाऱ्या छायाचित्रांवरून पालक जो निष्कर्ष काढतात तो चुकीचा असतो. त्या वर्गात किती बसले आणि त्यांपैकी किती पोहोचले, हा आकडा त्या फलकावर नसतो. शिवाय या परीक्षेतील ‘पर्सेंटाइल’ म्हणजे टक्के नव्हेत, तर तुमच्या मागे शेकडा किती जण आहेत त्याचा आकडा. तीन लाखांच्या मेळ्यात नव्याण्णव पर्सेंटाइल मिळविणाऱ्याच्या पुढेही जवळजवळ तीन हजार जण उभे असतात. नोकरी सोडून, वर्ष वाया घालवून या रांगेत उभे राहण्याचा सल्ला आम्ही तरी कोणाला देणार नाही. दिवसाकाठी दोन तास आणि सुटीच्या दिवशी चार, असे आठ-दहा महिने सातत्याने दिले, तर नोकरी सांभाळूनही ही तयारी होऊ शकते. संस्थांच्या अधिकृत संकेतस्थळावर नमुना परीक्षा विनामूल्य उपलब्ध असते. जुन्या प्रश्नपत्रिकाही सहज मिळतात.

खरा अन्याय असेल तर तो निराळ्या ठिकाणी आहे आणि त्याची चर्चा होत नाही. मुलाखतीसाठी बोलाविताना आणि अंतिम निवड करताना अनेक व्यवस्थापन संस्था दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणांनाही वजन देतात. पंधराव्या वर्षी, घरात आजारपण असताना वा शेतीची कामे करीत दिलेल्या परीक्षेचे गुण बाविसाव्या वर्षी आडवे येतात, आणि तोवर त्यावर काही उपायही उरलेला नसतो. निरनिराळ्या संस्थांची ही सूत्रे जाहीर असतात, पण ती वाचण्याची वेळ उमेदवारावर फार उशिरा येते. ज्याला दहावीत कमी गुण आहेत त्याने कोणत्या संस्था आपल्याला अनुकूल आहेत ते आधी पाहावे आणि मग अर्ज भरावेत. दुसरी बाब पैशाची. १९६१ साली कोलकाता आणि अहमदाबाद येथे सरकारच्या पुढाकाराने या संस्था सुरू झाल्या. आज जुन्या संस्थांचे दोन वर्षांचे शुल्क वीस लाखांच्या वर गेले आहे. हा आकडा ऐकून कारकुनाच्या घरात पुढचे बोलणे थांबते. मात्र पहिल्या फळीच्या या संस्थांसाठी बँका तारणाविना कर्ज देतात, ही माहिती त्या घरापर्यंत पोहोचत नाही. कर्ज काढावे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु निर्णय माहितीने व्हावा, धसक्याने नव्हे.

महाराष्ट्रात आता ही दारे तितकी दूरही राहिलेली नाहीत. नागपूरला २०१५ साली अशी संस्था निघाली. पवईची १९६३ पासूनची औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था २०२३ साली भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई बनली. शिवाय राज्याची स्वतःची सामाईक प्रवेश परीक्षा आहेच. दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न, वजा गुण नाहीत. म्हणजे तेथे काही न सोडणारा, वेगाने पुढे जाणारा उमेदवार लागतो. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या, १९६५ पासून नावलौकिक राखून असलेल्या संस्थेचा मार्ग त्या परीक्षेतूनही जातो आणि तेथील खर्च आय. आय. एम.च्या तुलनेत बराच कमी असतो. एकाच तयारीवर दोन्ही परीक्षा देता येतात, मात्र दोन्ही ठिकाणी एकाच पद्धतीने बसून चालत नाही.

या सगळ्यात महाविद्यालये कोठे आहेत? गणिताचे एक, इंग्रजीचे एक आणि अर्थशास्त्राचे एक असे तीन प्राध्यापक आठवड्यातून दोन संध्याकाळी ग्रंथालयात बसले, तर बारा-पंधरा मुलांचा गट सहज उभा राहील. त्यासाठी अनुदान लागत नाही, विद्यापीठाचे परिपत्रकही लागत नाही. इंग्रजी वृत्तपत्राचे संपादकीय पान आणि एक घड्याळ पुरे. परिसंवाद आणि अहवाल यांवर आपली महाविद्यालये किती श्रम खर्च करतात ते पाहिले, म्हणजे या दोन संध्याकाळी मिळत नाहीत असे कोणी म्हणू नये. ‘कॅट’चे अर्ज साधारणतः ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि सप्टेंबरात बंद होतात. निदान त्या तारखा, शुल्कातील सवलती आणि पन्नास टक्क्यांची ती साधी अट एवढे तरी जूनमध्ये महाविद्यालय उघडताच सूचनाफलकावर लागावयास काय हरकत आहे?