पोरीला शहर दाखवा, नुसता दवाखाना नको



आज फवारणीचं काही सांगणार नाही. मिरचीच्या नांग्या परवाच भरून झाल्या. ठिबक सुरू आहे, १९:१९:१९ ची पहिली मात्रा गेली. पुढचे आठ-दहा दिवस रानात फार मोठं काम नाही. म्हणून आज दुसऱ्याच विषयावर लिहितोय.

काल संध्याकाळी गावातला एक दोस्त माझी शेतीची वही चाळत बसला होता. एका पानावर वर लिहिलेलं, "नांग्या भरणे, खत सोडणे, मोटारीचा पाइप बघणे." त्याच्याच खाली लिहिलेलं, "राणीबाग बुधवारी बंद. चौपाटी संध्याकाळी." त्याला हसूच आलं. म्हणला, "काहो, यंदा मिरची मुंबईला लावली का?"

म्हणलं, नाही बाप्पा, लहानीला घेऊन चाललोय. तिची पाचवी झाली. दोन दिवस मुंबई, ती अन् मी, दोघंच.

तर तो एकदम गंभीर झाला. म्हणला, "काहून? दवाखान्याचं काही आहे का?"

मंडळी, हा प्रश्न मला रात्रभर टोचला. त्याची चूक नाही. आपल्या भागात बाप पोरीला घेऊन शहरात चालला म्हणजे दवाखानाच असणार, हे सगळ्यांनी धरून चाललेलं आहे. पोराला आपण मोंढ्यात नेतो, ट्रॅक्टरच्या कामाला नेतो, बियाणं आणायला जालन्याला नेतो. पोरगी कुठं जाते? मामाच्या गावाला, लग्नाला अन् दवाखान्यात. शहर तिला सुई टोचून घ्यायची जागा म्हणूनच माहीत असतं.

माझ्याच घरातलं सांगतो. माझ्या मोठ्या लेकीला दहावीला चांगले मार्क होते. पुढं शिकायचं तर रोज एसटीनं जावं लागणार होतं. मी नको म्हणलं. तव्हा लोकांना सांगितलं की परिस्थिती नाही. खरं कारण वेगळं होतं. मलाच भीती वाटत होती. तिला मी कव्हाच कुठं नेलं नव्हतं, त्यामुळं ती गर्दीत कशी वागते, रस्ता विचारू शकते का, घाबरते का, हे मला माहीतच नव्हतं. भीती तिला नव्हती, मला होती. एकोणिसाव्या वर्षी लग्न करून दिलं. पुढं सासरच्या माणसांसोबत पंढरपूरला जाताना ती पहिल्यांदा रेल्वेत बसली अन् तिथून मला फोन केला, "पप्पा, मी रेल्वेत बसले!" ती आनंदात होती. मला मात्र काही बोलता आलं नाही. रेल्वे जालन्यातून रोज जाते. मी तिला एकदा नुसती दाखवायलाही नेली नव्हती.

म्हणून लहानीच्या बाबतीत ठरवलं, हे परत होऊ द्यायचं नाही.

पण नुसतं ठरवून भागत नाही. मागच्या उन्हाळ्यात मी तिला संभाजीनगरला नेलं अन् सगळा घोळ केला. तो सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही.

सहल म्हणलं खरं, पण खिशात सामानाची यादी होती. लॅटरल, व्हेंचुरी, फिल्टरची जाळी, पंपाचे वायसर. म्हणलं, जातोच आहे तर आणून टाकू. दुकानात दीड-दोन तास गेले. पोरगी एका ड्रमवर बसून होती. मग दुपारच्या उन्हात मकबरा. ऊन आसं की फरशीवर पाय ठेवता येईना. तिचं डोकं दुखायला लागलं, उलटी झाली. सिद्धार्थ उद्यानात वाघ बघायचा होता, आम्ही पोचलो तर बंद व्हायची वेळ. संध्याकाळच्या एसटीत ती माझ्या मांडीवर झोपली अन् मी लॅटरलचं बंडल धरून बसलो.

त्या दिवसात एकच गोष्ट चांगली झाली. पाणचक्की. तिथं धार बारीक होती, पण ती विचारत बसली, "पप्पा, मोटार कुठाय?" म्हणलं, मोटार नाही. लांबच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या पाइपातून जमिनीखालून आणलं, उंचावर चढवलं अन् खाली चाकावर सोडलं. त्या जोरावर जातं फिरायचं अन् दळण व्हायचं. आपल्या विहिरीवरून खालच्या पट्टीत पाणी कसं जातं, तसंच. तिच्या ध्यानात आलं. मलिक अंबरानं १६१७ च्या सुमारास त्या शहराला नहरींनी पाणी दिलं, हेही सांगितलं. जून महिन्यात शाळेत "सुट्टीत काय केलं" विचारलं तर तिनं फक्त पाणचक्की सांगितली. मकबऱ्याचं नावही घेतलं नाही.

तिथून मी धडा घेतला. लेकराच्या ध्यानात तेवढंच राहतं, जिथं बाप घाई न करता थांबतो. म्हणून माझं मत आसं आहे की सहलीचं नियोजन पिकासारखंच वहीत करायचं, पण त्यात आपलं काम एकही घुसवायचं नाही. "वेळ मिळाला की जाऊ" म्हणणाऱ्याला वेळ कव्हाच मिळत नाही. नांग्या भरल्यानंतर अन् अद्रक लावायच्या आधी जे आठ-दहा दिवस मिळतात, त्यातले दोन दिवस आधीच आखून ठेवायचे.

आता यंदाचं नियोजन सांगतो. आपल्यासारख्यांना उपयोगी पडेल.

कव्हा जायचं. आमच्या फीडरला दिवसाची लाईट असते तोच आठवडा धरला. रात्रीची लाईट असली तर मोटार चालू करायला घरच्यांनी अंधारात रानात जायचं, अन् मी चौपाटीवर बसायचं, हे बरोबर नाही. पोरगा घरी आहे, पण रात्री त्यालाही एकट्याला नको.

गाडी. तिकीट मार्चमध्येच काढलं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुटतं, पूर्वी १२० दिवस होतं. मे महिन्यात ऐनवेळी जागा मिळत नाही, अन् वेटिंगच्या तिकिटावर स्लीपरमध्ये बसू देत नाहीत. देवगिरी एक्सप्रेस रात्री जालन्याहून धरली की सकाळी मुंबई, अन् दुसऱ्या रात्री तीच गाडी परत आणते. वंदे भारत जालन्याहून ३० डिसेंबर २०२३ ला सुरू झाली, आता नांदेडहून येते. गाडी चांगली, पण मुंबईला दुपारी पोचते, आपला अर्धा दिवस जातो अन् भाडंही जास्त. बारा वर्षांखालच्या लेकराला अर्धं तिकीट घेतलं तर बर्थ मिळत नाही, बर्थ पाहिजे तर पूर्ण भाडं. मी पूर्ण भरलं. रात्रभर लेकरू अवघडून आलं तर पुढचा दिवस वाया. एसटीत तिला अर्धंच तिकीट आहे.

काय बघायचं. दोन दिवसांत चारच ठिकाणं. यादी आधी अकराची होती, सात खोडली.

पहिल्या दिवशी उतरल्यावर आधी सीएसएमटीची इमारतच नीट बघायची. १८८७ ची आहे, २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. देशातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला याच भागातून, बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे तिला तिथंच उभं राहून सांगायचं. बॅगेला कुलूप लावून क्लोकरूममध्ये ठेवायची. तिथून धीमी लोकल धरली की तिसरं स्टेशन भायखळा. सकाळची गर्दी सीएसएमटीकडं येणारी असते, आपण उलट जाणार, म्हणून लेकराला घेऊन चढता येतं.

भायखळ्याला राणीबाग. पाटीवर नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. बुधवारी बंद असते, हे ध्यानात ठेवा. तिथं पेंग्विन आहेत. २०१६ साली दक्षिण कोरियातून आणले, थंड केलेल्या खोलीत ठेवतात. वाघ पण आहेत. २०२० मध्ये आपल्या सिद्धार्थ उद्यानातून वाघाची जोडी तिथं नेली होती. पोरीला सांगितलं तर म्हणली, "म्हणजे वाघ पण आपल्याकडूनच मुंबईला गेले." अन् ती नुसती प्राण्यांची जागा नाही. जुनी झाडांची बाग आहे, गोरखचिंचेसारखी झाडं आहेत. शेतकऱ्यानं झाडं बघायला तासभर ठेवावा.

दुपारी सावलीतलं ठिकाण. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ पासून लोकांना खुलं आहे. संध्याकाळी गिरगाव चौपाटी. रात्री साडेआठ-नऊच्या आत लोकल धरायची नाही, कारण संध्याकाळी सगळी मुंबई त्याच दिशेनं घरी निघते. मुक्काम घाटकोपरला चुलतभावाकडं. त्याच्यासाठी हिरवी मिरची अन् बाजरीचं पीठ बांधून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. जमिनीखालची मेट्रो आता सीएसएमटीहून थेट तिथल्या स्टेशनापर्यंत जाते. आपण विहीर खोदताना काळा पाषाण लागला तर हात टेकतो. तिथं समुद्राच्या काठाला आख्खं शहर डोक्यावर घेऊन बोगदा काढलाय. तो तिनं बघावाच, अन् मी पण. संध्याकाळी परत समुद्र, मग गाडी.

समुद्र दोनदा ठेवला, कारण तिनं मागितलेली गोष्ट तेवढी एकच आहे. बाकी सगळं मी ठरवलं. भरती-ओहोटी अमावस्या-पौर्णिमेला मोठी असते, हे पंचांगात बघून तिला दाखवलंय. पाण्यात मात्र घोट्याच्या वर जायचं नाही, हे बोलून झालंय.

ऊन. आपल्याकडं पारा बेचाळीसला गेला तरी घाम सुकतो. मुंबईत पारा कमी पण दमट, घाम अंगावरच राहतो. म्हणून अकरा ते चार छताखालीच राहायचं. मीठ-साखरेचं पाणी बाटलीत, टोपी, अन् उघड्यावरचा बर्फ नाही.

तिची कामं. हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. माझा अन् तिच्या आईचा नंबर तिनं पाठ केलाय. चिठ्ठी खिशात आहेच, पण चिठ्ठी हरवते. चुकामूक झाली तर जिथं आहे तिथंच उभं राहायचं, पोलिसाला सांगायचं, १०९८ हा लेकरांसाठीचा नंबर आहे. लोकलचं तिकीट तीच मागणार, फलाट तीच वाचून सांगणार, खर्चाची वही तिच्याकडं. चुकली तरी मी मधी बोलणार नाही. एखादी लोकल चुकली तर दुसरी येते.

खर्चाचं विचाराल तर माझा अंदाज सगळं मिळून पाच हजार. एवढे तर मिरचीवर दोन चांगल्या फवारण्यांना जातात. थ्रिप्स नाही आटोक्यात आली तर ते पैसे गेले म्हणून आपण रडत नाही.

आता एक अवघड गोष्ट. पोरीची आई म्हणली, "मला कव्हा नेता?" याचं सोपं उत्तर नाही. दोन म्हशी अन् नवी मिरची सोडून तिघांना निघता येत नाही, हे खरं आहे. पण दर वेळी घरी तीच राहते, हेही खरंच आहे. शेवटी आसं ठरलं की पोळा झाल्यावर ती मोठ्या लेकीला घेऊन चार दिवस जाणार, कुठं जायचं ते त्या दोघी ठरवणार. एसटीत बायकांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून आहेच. तव्हा धारा मी काढणार. हे इथं मुद्दाम लिहिलंय, म्हणजे मला फिरवता येणार नाही.

काही जण म्हणतील, एवढ्याशा दोन दिवसांनी काय होतं? पोरगी काही कलेक्टर होत नाही. बरोबर आहे. पण पाच वर्षांनी तिची दहावी होईल अन् ती म्हणेल, "पप्पा, मला बाहेर शिकायचंय." तव्हा मला हे माहीत पाहिजे की या पोरीनं भायखळ्याचा फलाट स्वतः शोधला होता. तेवढं माहीत असलं तर माझ्या तोंडून परत "नको" निघणार नाही. ही सहल जेवढी तिच्यासाठी आहे, तेवढीच माझी भीती जावी म्हणून आहे.

मुंबई जमत नसेल तर संभाजीनगर करा, नाहीतर जालना करा. एक दिवस करा. पण सामानाची यादी घरी ठेवून जा.

तुम्ही लेकीला कुठं नेलं, काय चुकलं, काय जमलं, तेही सांगा. आल्यावर मिरचीची नोंद टाकतोच.

राम राम.