चहाडखोर पान

दिवाळीच्या आठवड्यात जिना चढताना कोणाकडे चकली तळली जात आहे नि कोणाकडे चिवडा फोडणीला पडला आहे, हे दार न ठोठावता सांगता येते. कोटेसिया नावाची परोपजीवी गांधीलमाशी आपल्या पोरांच्या पोटापाण्याची सोय अशीच नाकाने करते. (तिचे नाक म्हणजे तिच्या मिशा!)

माशी जेमतेम चिलटाएवढी. मक्यावरची कोवळी अळी गाठायची, तिच्या अंगात अंडे टोचायचे आणि निघून जायचे. अंड्यातले पोर अळीला आतून खात वाढते. ते बाहेर पडले की अळी मरते. वाचून किळस आली? मग मका पिकवणाऱ्याला विचारा! 2018 साली अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात आली, तेव्हापासून त्याच्या डोळ्याला डोळा नाही. बरे, सरसकट औषध फवारावे, तर अळीबरोबर अशा माश्याही मरतात.

पण हिरव्या शेतात हिरवी अळी माशीला सापडते कशी? 1990 साली अमेरिकेत टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि लुईस यांनी छडा लावला. या लष्करी अळीच्याच एका भाऊबंदाने मक्याचे रोप कुरतडले, की काही तासांनी रोप एक विशिष्ट वास सोडू लागते. त्या वासामागून माशी येते. मग त्यांनी रोपालाच फसवून पाहिले. पान नुसते खरवडले. रोप जवळजवळ गप्प! त्याच जखमेवर अळीच्या तोंडातला रस लावला, आणि वास दरवळू लागला. धडधाकट पानावर मात्र तोच रस चोपडून उपयोग नाही.

रसातले हे द्रव्य, व्होलिसिटिन, 1997 मध्ये ओळखले गेले. पुढच्याच वर्षी आणखी मौज कळली. त्यातले स्निग्धाम्ल मक्याच्या पानातलेच; अळी त्यात थोडा फेरफार करून आपले ग्लुटामिन जोडते. चोराने चोरीच्याच मालातून स्वतःविरुद्ध पुरावा तयार करावा, तसे हे झाले.

माशी मात्र जन्मतः पंडित नसते हो. अळी आणि वास एकदा एकत्र भेटले, म्हणजे खूणगाठ पक्की होते. लुईस यांनी दुसऱ्या एका जातीच्या माशीला व्हॅनिलाचा वास देत अळीच्या लेंड्या हुंगायला दिल्या. पुढे नुसता व्हॅनिलाचा वास आला, तरी बाईसाहेब अळी शोधायला निघत.